मशीन कोणी लावलं?

१

शिंपीणकाकूंच्या दोन्ही हातांत चौथ्या मजल्यावरच्यांचे शिवून झालेले पडदे होते, त्यामुळे पायाखालचं काही दिसलंच नाही. तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवरून साबणाचं पाणी ओघळत होतं. पाय सटकला, पडदे एकीकडे गेले, काकू दुसरीकडे, आणि उजवा हात नेमका अंगाखाली आला. ज्या हाताने जन्मभर कात्री चालवली, त्याच हाताचं मनगट मोडलं.

आत्या घरी पोचली तेव्हा काकूंना दवाखान्यात नेलं होतं आणि गुन्हेगारही ठरवून झाला होता.

आत्या डोळे तपासून येत होती. डॉक्टरांनी थेंब घातलेले, त्यामुळे जिन्यातला दिवा तिला भोपळ्याएवढा दिसत होता आणि माणसांचे चेहरे पुसून टाकल्यासारखे. आवाज मात्र स्वच्छ येत होते.

"स्पष्टच आहे सगळं," सेक्रेटरी म्हणत होते. "तुमच्या कामवाल्या मावशींनी तुमच्या घरचं धुण्याचं मशीन लावलं आणि तसंच सोडून चालत्या झाल्या. पाईप निघाला, पाणी जिन्यात. काकू आमच्या हकनाक जायबंदी झाल्या. उद्या संध्याकाळी मीटिंग घेतोय. त्या बाईला पुन्हा बिल्डिंगमध्ये पाऊल टाकू द्यायचं नाही."

बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांची धुणीभांडी कामवाल्या मावशींकडे होती. इथलं दार बंद म्हणजे त्यांची चूल बंद.

"मावशींना कोणी विचारलं का?" आत्या म्हणाली.

"विचारायचंय काय? दुपारी घरात होतं कोण?"

भावजय दारातच उभी होती, औषधांच्या दुकानातून धावतपळत आलेली. ती काही बोलली नाही. आत्याला ते खटकलं. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी मावशींची बाजू घेऊन भांडणारी ही बाई.

आत्या आत गेली. पॅसेजमध्ये, बाहेरच्या दाराशेजारच्या कोनाड्यात मशीनची जागा होती. तिला धूसर एवढंच दिसलं की मशीन आपल्या जागेवर नाही. पॅसेजच्या मध्यापर्यंत ते चालत आलं होतं.

२

आत्याची सारी नोकरी वॉशिंग मशीनच्या कंपनीत गेली, पण तिने हातात पाना कधी धरला नव्हता. ती तक्रार कक्षात फोनवर बसायची. पाणी भरत नाही? आधी नळ उघडा आहे का बघा, मग पाण्याच्या पाईपच्या तोंडाची जाळी. पाणी जात नाही? खालचा फिल्टर काढा, समोर ताट ठेवा, नाहीतर पाय भिजतील. वास येतो? दाराच्या रबरात बोट फिरवा, काय निघतं ते मला सांगू नका, फक्त पुसून घ्या आणि दार उघडं ठेवत चला. हादरतं? चारी पाय जमिनीला टेकलेत का, आणि आत एकच जड कपडा तर नाही ना?

एवढ्या वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती. मशीनचं दुखणं शोधणं सोपं. अवघड असतं ते समोरच्याकडून खरं काढून घेणं. लोक खोटं बोलतात ते लबाडीने नव्हे, लाजेने. चप्पल धुतली, गालिचा कोंबला, नातवाने आत गोट्या टाकल्या, हे कोणाला कबूल करायचं नसतं.

संध्याकाळी भाची खोलीत एकटी सापडली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि आपल्या खोलीत कोणी आलं की कानातले हेडफोन काढतही नसे. आज काढले.

"तू आलीस तेव्हा काय काय दिसलं, ते सांग. क्रमाने."

"आत्या, सगळं सांगून झालंय. काकू जिन्यात ओरडत होत्या. मी त्यांना बसवलं, वर पळाले, कुलूप काढलं. पॅसेजमध्ये पाणी आणि फेस. मशीन वाकडं उभं. मी प्लग काढला."

"मशीन चालू होतं?"

"नाही. बंदच होतं. दार उघडं होतं."

"मशीनचं दार?"

"हो ना. सताड."

"आणि आत?"

"आत काय? काही नव्हतं. रिकामं होतं."

आत्या पलंगाच्या कडेवर बसली. मावशी मशीन लावून निघून गेल्या असत्या, तर कपडे आतच असायला हवे होते. दार लागलेलं असायला हवं होतं. पाणी वाहून गेल्यावर कोणीतरी दार उघडून आतलं काढून नेलं होतं, आणि बाहेरून कुलूप लावून गेलं होतं.

"तू नाही ना बूट धुतलेस? मागच्यासारखे?"

भाचीचा चेहरा उतरला. "एकदाच धुतले होते गं. आणि ते कळलं कसं तुला?"

"दाणदाण आवाज येत होता. शेजारच्यांनाही कळलं."

"आज मी सकाळपासून प्रयोगशाळेत होते. विचार हवं तर. आणि मावशींबद्दल मलाही पटत नाहीये. पण आई म्हणाली, आपण मध्ये पडायचं नाही."

आई म्हणाली. आत्याने ते मनात ठेवलं.

त्या दिवशी जेवायला सगळे एकत्र बसले. गुंड्या, आत्याचा धाकटा भाऊ, शाळेची बस चालवायचा. लहानपणी गोल गरगरीत होता म्हणून पडलेलं नाव. आता तो उंच, किडकिडीत, कानांवर पिकलेला, तरी घरात गुंड्याच. जिन्यातली हकिगत ऐकून त्याने "अरेरे" म्हटलं आणि मान खाली घातली. तोंडात घास फिरवत राहिला, एका बाजूला ढकलून, मग पाण्याबरोबर गिळला.

"काय रे?"

"दाढ," तो म्हणाला. शब्द जाड आला.

मग तो नेहमीसारखा बाहेरच्या दिवाणावर झोपायला गेला. खिडकीतून गार वारा येत होता आणि अंगावर त्याने पातळ चादर घेतली होती.

३

सकाळी मावशी आल्या नाहीत, म्हणून आत्याच त्यांच्याकडे गेली. डोळे आता साफ होते. मावशी दारातच बसल्या होत्या, कामाच्या वेळी घरी बसायची सवय नसल्यासारख्या, हात मांडीवर पालथे टाकून.

"मी लावलं होतं मशीन," त्या म्हणाल्या. "नाही कशाला म्हणू? सकाळी लावलं, धुवून निघालं, वाळत घातलं आणि गेले. दोरीवर बघा."

दोरीवर आत्याने पाहिलं होतं. शर्ट, टॉवेल, उशांचे अभ्रे. सगळं कडकडीत वाळलेलं.

"साबण कुठला घातला?"

"तो निळा, पातळ. टोपणभर. दुसरा कुठला घालणार? तुम्हीच शिकवलंय ना."

"पावडर नाही?"

मावशींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिचं डोकं फिरलंय. "ती हाताने धुवायची, बादलीतली? मोरीत ठेवलेली? आत्या, ती मशीनमध्ये घातली तर घर फेसाने भरेल."

"तेच झालंय."

मावशी म्हणाल्या, "काकूंच्या हाताला प्लास्टर किती दिवस?"

"बरेच दिवस."

"सगळे म्हणतात मी केलं. माझी सून पण विचारत होती, खरंच नाही ना केलंत म्हणून. घरच्या घरी सुद्धा खात्री नाही बघा." त्यांनी पदराने नाक पुसलं. "मीटिंगमध्ये मला बोलवलंय का हो?"

बोलावलं नव्हतं. आत्याला ते सांगवेना.

"तुम्ही या," ती म्हणाली. "मी आहे."

बोलली खरी, पण रस्त्याने परतताना तिला त्या शब्दांचा भार वाटायला लागला. मी आहे म्हणजे काय आहे? मावशींनी केलं नाही एवढं तिला कळलं होतं. मग घरातल्याच कोणी केलं. आणि ते कोण, हे शोधायला निघालो तर सापडेल, याची तिला आता भीती वाटत होती.

४

घरी कोणी नव्हतं. आत्याने पदर खोचला आणि मशीनसमोर जमिनीवरच बसली. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं ते आज स्वतःच्या हाताने करायचं होतं.

फरशीवर चार ओरखडे होते, कोनाड्यापासून पॅसेजच्या मध्यापर्यंत. मशीन थडथडत पुढे सरकत आलं होतं. मागचा सांडपाण्याचा पाईप भिंतीतल्या भोकातून निसटून लोंबत होता. कोणी उपसलेला नव्हता. मशीन पुढे आलं तसा तोही ओढला गेला. त्यानंतर मशीनने जेवढ्या वेळा पाणी फेकलं, तेवढं सगळं पॅसेजमध्ये, तिथून दाराखालून जिन्यात. घरात कोणी जागं असतं तर त्या दणदणाटाने धावत आलं असतं. मग घरात जो होता, तो काय करत होता?

तिने साबणाचा खण ओढला. साबणाचा कप्पा कोरडा. कपडे मऊ करायचं औषध घालतात त्या छोट्या कप्प्यात पावडरीचा ओला गोळा घट्ट बसला होता. उरलेली पावडर थेट ड्रममध्ये ओतलेली; रबराच्या घडीत अजून दाणे होते. चक्र फिरवलेलं होतं सगळ्यात लांबच्या खुणेवर, खूप मळलेल्या कपड्यांच्या.

मावशी असं करणार नाहीत. भाचीने बूट धुतले तेव्हाही साबण बरोबर कप्प्यात होता. भावजय तर डोळे मिटून मशीन लावते. ज्याने कोणी लावलं होतं, त्याने याआधी मशीनला हात लावलेला नव्हता.

अशा माणसाचं नाव घरात एकच होतं. आणि त्याच्यावर कोणालाच संशय येणं शक्य नव्हतं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की गुंड्याला मशीनचं दार कुठल्या बाजूला उघडतं हेही माहीत नाही.

सकाळच्या फेरीनंतर तो दुपारी घरी येऊन झोपतो. मग शाळा सुटायच्या वेळेला पुन्हा जातो. काल विचारलं तेव्हा म्हणाला होता, "मी दुपारी आलोच नाही, गाडीतच पडलो होतो." कोणी पुढे विचारलं नाही.

आत्या उठून दिवाणापाशी गेली. चादर उचलली. रजई नव्हती. जाड, कापसाची, पाणी प्यायली की उचलता उचलवत नाही अशी रजई. एकटी मशीनमध्ये टाकली की सगळं ओझं एका बाजूला जातं आणि मशीन पिळायला लागलं की वेड्यासारखं उड्या मारतं.

गादीवर हात फिरवला. गादी उलटी घातलेली होती. खालच्या बाजूला भला मोठा डाग होता, आणि तो पुसायचा प्रयत्न केलेला होता.

ती परत मशीनपाशी आली. खालचं झाकण उघडून ताट लावलं, फिल्टर हळूहळू सोडला. काळं पाणी आलं, कापसाचे पुंजके आले, पायजम्याचं बटण आलं. आणि त्या पुंजक्यात गुंडाळलेला, चुरगळलेला, गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा.

तिने तो पुसला. अर्धं नाव वाचता येत होतं.

५

औषधांच्या दुकानात दुपारी गर्दी नसते. भावजय स्टुलावर उभी राहून वरच्या फळीवर बाटल्या लावत होती.

"ताई? तुम्ही इथे?"

आत्याने तुकडा काचेवर ठेवला. "हे कशाचं गं?"

भावजय खाली उतरली. तुकडा बघायला तिला वाकावं लागलं नाही. दुरूनच तिने तो ओळखला, आणि आत्यालाही कळलं की तिने ओळखला.

"कुठे मिळालं?"

"मशीनच्या फिल्टरमध्ये."

भावजयीने दुकानातल्या दुसऱ्या माणसाला खूण केली आणि आत्याला आतल्या खोलीत नेलं. तिथे खोक्यांवर खोकी होती, बसायला जागा नव्हती. दोघी उभ्याच राहिल्या.

"फिट येतात त्यांना," ती म्हणाली. "झोपेत. पहिली आली तेव्हा मी घरी होते. मला वाटलं, गेले. दुसरीला मी नव्हते. काल तिसरी."

"दाढ दुखत नाहीये त्याची."

"जीभ चावली गेलीय."

आत्याने खोक्याला हात टेकला. सगळं जागच्या जागी बसलं होतं आणि तिला त्याचा काडीचा आनंद नव्हता. दुपारी झोपेत फिट आली. रजई भिजली, गादी भिजली. अर्धवट शुद्धीत उठून, लाजेने, कोणी यायच्या आत धुवून टाकावी म्हणून रजई आणि पायजमा मशीनमध्ये कोंबला, मिळेल ती पावडर ओतली, चक्र फिरवलं आणि पुन्हा मेल्यासारखा झोपला. फिटनंतर तशीच झोप येते. मशीन नाचलं, पाईप निसटला, पाणी जिन्यात गेलं, त्याला पत्ता नाही. जाग आली ती शाळेची वेळ टळत आल्यावर. ओली रजई पिळवटून काढली, पाठीवर टाकली आणि कुलूप लावून धावत सुटला. त्याच ओल्या जिन्याने.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"मीच नेलं. गोळ्या त्यांनीच दिल्या."

"गाडीचं काय म्हणाले?"

भावजय खोक्यांकडे बघत राहिली. "चालवू नका म्हणाले."

"मग?"

"मग काय, ताई? दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर हे गेलेले होते." तिचा आवाज चिरकला. "मी रोज या दुकानात उभी राहून रस्त्यावरून जाणारी प्रत्येक पिवळी बस मोजते. सांगू कोणाला? सांगितलं की बस गेली. बस गेली की घर कसं चालायचं? त्यांना दुसरं येतं काय? पोरीचं शेवटचं वर्ष आहे. गोळ्या लागू पडल्या की थांबेल, असं म्हणत म्हणत मी दिवस काढतेय."

"आणि मावशी?"

"मी त्यांचं नाव घेतलं नाही. एकदाही नाही." भावजयीने मान खाली घातली. "मी फक्त गप्प बसले."

६

बस शाळेच्या मागच्या पटांगणात उभी होती. सगळ्या खिडक्या उघड्या. शेवटच्या लांब बाकावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, रजई वाळत घातली होती. गुंड्या पुढच्या पायरीवर बसून गार झालेला चहा घोट घोट पीत होता.

आत्याला पाहून तो उठला नाही. त्याने मागे वळून, बसच्या आत, रजईकडे एकदा बघितलं, आणि समजला.

"कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. मशीननेच म्हण."

तो हसायला गेला, जिभेला लागलं, थांबला.

"काकूंचं मला संध्याकाळी कळलं, ताई. शपथ. जिना उतरताना पाय घसरत होता माझाही, पण पोरं ताटकळतील म्हणून..." त्याने कप खाली ठेवला. "तेव्हा कळलं असतं तर थांबलो असतो."

"मावशींचं कळलं तेव्हा?"

त्याने कप पायाने बाजूला सारला.

"गुंड्या, किती पोरं असतात रे गाडीत?"

"तू तसं विचारू नको." तो एकदम उठला. "मला काय कळत नाही? फक्त झोपेत येते. जागेपणी कधी नाही. डॉक्टरांना विचार."

"डॉक्टरांनी तुला काय सांगितलं ते मला ठाऊक आहे."

"ते त्यांचं कामच आहे सांगायचं." तो स्टिअरिंगला पाठ लावून उभा राहिला. "एकही ओरखडा नाही या गाडीवर. पोरांना विचार ड्रायव्हरकाका कसे आहेत. पुढच्या सीटवर बसायला भांडतात. हे सोडून मी काय करू? तू सांग ना. तुला सगळ्यांच्या अडचणींवर उपाय सुचतात. सांग."

आत्याने तोंड उघडलं. नळ उघडा आहे का, फिल्टर बघा, पाय टेकलेत का. तसलं काहीसुद्धा नव्हतं तिच्याजवळ. भाऊ वाट बघत होता, खरोखरच वाट बघत होता, लहानपणी पतंग झाडात अडकला की जसा तिच्या तोंडाकडे बघायचा तसा.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

शाळेची घंटा झाली. पटांगणाच्या टोकाकडून मुलांचा गलका आला. गुंड्याने रजईची घडी घातली, बाकाखाली सारली आणि सीटवर जाऊन बसला. आत्या पहिल्याच बाकावर बसली.

"तू कुठे?"

"घरी. सोड ना वाटेत."

सबंध फेरीभर ती त्याच्या मानेकडे, गालाकडे, स्टिअरिंगवरच्या बोटांकडे बघत राहिली. त्याचं काही झालंच, तर आपण काय करणार, हे तिला कळत नव्हतं. ब्रेक कुठला हेही तिला माहीत नव्हतं. शेजारी बसलेल्या एका चिमुरडीने तिला विचारलं, "तुम्ही काकांच्या आई का?" ती हो म्हणाली.

७

मीटिंग जिन्याखालच्या मोकळ्या जागेत भरली. शिंपीणकाकू खुर्चीवर, हात गळ्यात अडकवलेला. मावशी फाटकाच्या आत एक पाऊल टाकून उभ्या होत्या, त्याहून पुढे यायची त्यांची हिंमत होत नव्हती. गुंड्या आला नव्हता.

सेक्रेटरींनी घसा साफ केला. आत्याने त्यांना सुरूच करू दिलं नाही.

"मशीनमध्ये कपडे नव्हते," ती म्हणाली. "मावशींनी लावून सोडलं असतं तर कपडे आत सापडले असते. त्यांनी धुतलेले कपडे सकाळपासून दोरीवर होते. काल जे पाणी आलं ते दुसऱ्यांदा मशीन लावल्याने, बादलीची पावडर घालून. मावशी ती घालत नाहीत. मशीन आमच्या घरातल्या माणसाने लावलं होतं."

"कोणी?"

याचं उत्तर काय द्यायचं, हेच तिला दुपारपासून सापडत नव्हतं. नाव घेतलं तर भाऊ जातो, नाही घेतलं तर मावशी.

"मी," मागून भावजय म्हणाली.

सगळे वळले.

"मी दुपारी घरी आले होते. रजई लावली, घाईत दुकानात परत गेले. मावशींचा काही संबंध नाही. काकू, चूक आमची आहे. तुमचा हात बरा होईपर्यंत तुमच्या घरचं सगळं मी करीन."

कुजबुज झाली. सेक्रेटरींनी "असं होय" म्हटलं. "आधीच सांगायचं नाही का?" असंही म्हणाले, पण त्यांच्या आवाजातला जोर गेला होता. शिंपीणकाकू मात्र भावजयीकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचं शिवणयंत्र खिडकीशी होतं. कोण येतं, कोण जातं, त्यांना दिसत असे. पाठीवर ओलं ओझं घेऊन जाणारा माणूसही दिसला असणार.

"हात बसेल," त्या शेवटी म्हणाल्या. "बाकीचं तुम्ही घरात बघा."

आत्या मावशींजवळ गेली. "उद्यापासून या."

"बाकीच्या घरी येईन," मावशी म्हणाल्या. "तुमच्याकडे नको, आत्या. तुम्ही आलात माझ्या दारी, ते मी विसरणार नाही. पण वहिनींना कालच माहीत होतं. माझ्यावर आळ येत होता तेव्हा माहीत होतं."

आणि त्या फाटकाबाहेर पडल्या.

८

सकाळी गुंड्या बूट घालत होता. आत्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, बाजूला हो."

ती झाली नाही. तो तिच्याहून दुप्पट ताकदीचा. हलकेच खांदा धरून त्याने तिला सरकवलं आणि जिना उतरला. ती मागोमाग. रस्त्याच्या कडेला बस उभी होती. तो चढला, तीही चढली. त्याने किल्ली फिरवली. इंजिन धडधडायला लागलं.

"काल बसलीस तशी रोज बसणार आहेस का?"

"हो."

"आणि मला काही झालं तर तू काय करशील?"

"काही नाही. मला काहीच करता येणार नाही, गुंड्या. म्हणून तर बसलेय. निदान त्या पोरांबरोबर मी असेन."

तो समोर बघत राहिला. काचेपलीकडे रस्ता रिकामा होता. कोपऱ्यावर पहिल्या थांब्याची दोन मुलं दप्तरं पायाशी टाकून उभी दिसत होती. त्यांनी बस ओळखली आणि हात हलवायला लागली. गुंड्याने गिअरवर हात ठेवला. हात तिथेच राहिला. मुलं हात हलवतच होती.

शेवटी त्याने किल्ली उलटी फिरवली. इंजिन बंद पडल्यावर बसमध्ये इतकं शांत झालं की त्याचा श्वास ऐकू यायला लागला.

मोबाईल वाजला. शाळेचा. वाजून थांबला, पुन्हा वाजला.

"तू बोल," तो म्हणाला. "माझ्याने नाही होणार."

आत्याने फोन घेतला. पलीकडून बाई घाईघाईने विचारत होत्या, बस अजून निघाली कशी नाही, पालक फोन करताहेत.

"आज बस येणार नाही," आत्या म्हणाली. "दुसरी गाडी पाठवा. पहिल्या थांब्यावर दोन मुलं उभी आहेत, त्यांच्याजवळ मी थांबते."

"ड्रायव्हरकाकांना बरं नाही का?"

"बरं नाही."

"बरं, बरं. उद्या येतील ना?"

आत्याने भावाकडे पाहिलं. तो स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला होता. त्याने वर पाहिलं नाही. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही.

"उद्याही नाही," आत्या म्हणाली, आणि पलीकडच्या बाई आणखी काय विचारतील, याची वाट बघत फोन कानाशी धरून राहिली.